विकून दाखवा म्हणावं, मग बघू

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालो, जेलरोडला राहतो. आमचे जावई पाथर्डी फाट्याला असतात, औषध कंपनीत एमआर आहेत, माणूस चांगला आहे, कसलं व्यसन नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी एका नवीन क्रिप्टो टोकनमध्ये, म्हणजे डिजिटल नाण्यात, माझे ५० हजार टाकले. तेव्हा प्रीसेलची, म्हणजे बाजारात येण्याआधीच्या विक्रीची, पहिली स्टेज होती, भाव २ रुपये. आता तिसरी स्टेज चालू आहे, भाव साडेआठ रुपये, आणि ॲपमध्ये माझे २ लाख १२ हजार ५०० दिसतात. पुढच्या महिन्यात लिस्टिंग आहे, म्हणजे टोकन बाजारात खुल्या खरेदी-विक्रीला येणार, तेव्हा ४० रुपये होणार म्हणतात. १५ तारखेच्या आत ग्रॅच्युइटीच्या एफडीतले ६ लाख टाका असा जावयांचा आग्रह आहे, मुलगीही म्हणते टाका, हिचा मात्र साफ विरोध. मुंबई नाक्याजवळ हॉटेलात मीटिंग झाली तिथे मलाही नेलं होतं, कंपनीचं सर्टिफिकेट, ऑडिट रिपोर्ट सगळं स्क्रीनवर दाखवलं, पण मला त्यातलं काही कळलं नाही. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि नाही म्हणायचं तर जावयाला कसं म्हणायचं?
एक वाचक, जेलरोड

उत्तर : काका, नमस्कार. आधी एफडीचं बोलते, बाकी सगळं नंतर. १५ तारीख येऊ दे नि जाऊ दे, एफडी मोडायची नाही. काकूंचं बरोबर आहे, हे त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता खरं-खोटं. कसंय ना, लोक नेहमी विचारतात की हा टोकन वर जाईल का, आणि ते मलाच काय कोणालाच सांगता येत नाही, पण एक गोष्ट कुठल्याही साध्या माणसाला तपासता येते, ती म्हणजे हा टोकन विकून पैसे बँकेत येतात का. घेताना कोणीच अडवत नाही हो, तेव्हा क्यूआर कोड, जावई, जेवण सगळं हजर असतं. विकायला गेलं की कळतं. म्हणून जावयांना एवढंच म्हणा की माझे आधीचे २ लाख १२ हजार काढून द्या, ते हातात आले की ६ लाखांचं बोलू.

यात एक मेख आहे. थोडे काढून बघतो असं करू नका. ५ हजार मागितले तर मिळतीलही, कारण समोरच्याचा डोळा ६ लाखांवर आहे, ५ हजार सोडायला त्याला काही वाटत नाही, आणि ते आले की तुमची खात्री पटते, तुम्ही प्रेसमधल्या जुन्या मंडळींना सांगता, अजून चार जण येतात. सगळे मागा. सगळे मागितले की मग कारणं सुरू होतात, लिस्टिंगपर्यंत लॉक आहे, केवायसीची लेव्हल कमी आहे, पैसे काढायला आधी पोर्टफोलिओ ५ लाखांचा लागतो, आणि सगळ्यात फेमस म्हणजे आधी टॅक्स भरा.

हे टॅक्सचं जरा नीट सांगते कारण मी लोकांचे रिटर्न भरते आणि यात भलेभले फसतात. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३०% टॅक्स आहे, वर सेस, पण तो तुम्ही स्वतः तुमच्या पॅनवर थेट सरकारला भरता. १ जुलै २०२२ पासून १% टीडीएस आला तो विकल्यावर येणाऱ्या रकमेतूनच कापतात. तुमच्याकडून वेगळे पैसे मागवून घ्यायचे, तेही यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो), आणि मग तुमचेच पैसे सोडायचे अशी पद्धत आयकर खात्याची नाही. 'आधी १८% टॅक्स पाठवा' असा मेसेज आला की तो कोणाच्याही लोगोखाली असो, समजायचं की गेलेल्या पैशांमागे अजून पैसे मागतायत.

प्रीसेलमध्ये लॉक असतो हे मात्र खोटं नाही, खऱ्या प्रोजेक्टमध्येही ठरावीक मुदतीपर्यंत टोकन विकता येत नाहीत. पण मग जी वस्तू आज विकताच येत नाही तिची किंमत २ लाख १२ हजार म्हणून ॲपमध्ये कशाला दाखवायची? हा आकडा कसा आला बघा, ५० हजाराला २ रुपयांनी २५ हजार टोकन, गुणिले साडेआठ, झाले २ लाख १२ हजार ५००. साडेआठ हा भाव कोणी ठरवला? त्यांनीच. बाजारात कोणी तुमच्याकडून त्या भावाने घेतलेलं नाही, वेबसाइटवर स्टेज तीन असं लिहिलं की भाव वाढला. उद्या स्टेज चार लिहून वीस रुपये केले तर तुम्ही बसल्या जागी पाच लाखांचे मालक, फक्त ते पाच लाख देणारा कोणी नाही.

मीटिंगमध्ये मार्केट कॅप हा शब्द आला असेलच. समजा एकूण १० कोटी टोकन आहेत तर साडेआठच्या भावाने ८५ कोटींची कंपनी असं छाती फुगवून सांगतात. पण लिस्टिंग झाल्यावर हे टोकन बहुतेक वेळा पॅनकेकस्वॅप किंवा युनिस्वॅपसारख्या आपोआप चालणाऱ्या ऑनलाइन बाजारात येतात, तिथे दुसऱ्या बाजूला शेअर बाजारासारखा घेणारा माणूस बसलेला नसतो, तर एक पूल असतो, त्यात थोडे टोकन आणि थोडे खरे पैसे म्हणजे यूएसडीटी वगैरे ठेवलेले असतात आणि विकणाऱ्याला त्यातून पैसे मिळतात. त्या पूलमध्ये समजा १५ लाखच असले तर ८५ कोटींची बात काय कामाची, सगळ्यांनी मिळून विकलं तरी त्यात आहे त्यापेक्षा जास्त निघूच शकत नाही, आणि प्रत्येक विक्रीला भाव खाली घसरत जातो. वर आणि तो पूल ज्याने भरला त्यालाच तो रिकामा करता येतो, जोवर त्याने ती लिक्विडिटी, म्हणजे पूलमधला माल, ठरावीक मुदतीसाठी लॉक केलेली नसेल. एका रात्रीत पूल उचलायचा, टेलिग्राम ग्रुप डिलीट, वेबसाइट बंद. याला रग पुल म्हणतात.

आता तुम्हीच बघा काका, तुम्ही आयुष्यभर जिथे काम केलं तिथे शीट न् शीट मोजली जायची, खराब झालेली शीटसुद्धा हिशोबात असायची, आणि किती छापायच्या हे रिझर्व्ह बँकेच्या मागणीवर ठरायचं, प्रेसमधल्या कोणाच्या मर्जीवर नाही. टोकनचं काय? बीएनबी चेन किंवा सोलाना अशा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेल्या व्यवहारांच्या सामाईक वहीवर, कोणालाही काही मिनिटांत, किरकोळ खर्चात टोकन बनवता येतो, कोडिंग यायची गरज नाही, त्यासाठी तयार वेबसाइट आहेत. नाव काहीही द्या, लोगो कसलाही लावा. आणि बऱ्याच टोकनच्या कोडमध्ये मिंट नावाची सोय मालकाने स्वतःकडे ठेवलेली असते, म्हणजे पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढे नवीन टोकन छापायचे आणि पूलमध्ये विकून मोकळं व्हायचं. छापखाना त्याचा, किल्ली त्याची, मोजणाराही तोच.

विकता येत नाही हे पण मी उगाच म्हणत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात एका गाजलेल्या कोरियन सिरीजचं नाव लावून स्क्विड म्हणून टोकन आला, सिरीज बनवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध शून्य. एक सेंटच्या आसपास सुरू झालेला भाव काही दिवसांत २,८०० डॉलरच्या वर गेला, मोठमोठ्या चॅनेलवर बातम्या आल्या, आणि लोक विकायला गेले तर विकलाच जाईना. अँटी-डंप नावाची काहीतरी सोय आहे म्हणून सांगितलं होतं. भाव वरच का जात होता, तर घेणारे होते आणि विकू कोणालाच देत नव्हते! १ नोव्हेंबरला बनवणाऱ्यांनी सुमारे ३३ लाख डॉलर काढले आणि काही मिनिटांत भाव शून्यावर. अशा टोकनला हनीपॉट म्हणतात. तेव्हा सरळ वर आणि फक्त वर जाणारा चार्ट दाखवला की खूश होऊ नका, मध्ये कुठे कोणी विकलंय का ते विचारा.

हे बघायचं कसं, तर जावयांकडून काँट्रॅक्ट ॲड्रेस, म्हणजे त्या टोकनचा ब्लॉकचेनवरचा पत्ता, मागा. इथेरियम किंवा बीएनबी चेनवर असेल तर झिरो-एक्सने सुरू होणारं ४२ अक्षरांचं लांबलचक काहीतरी असतं. टोकन कुठल्या चेनवर आहे आणि ॲड्रेस काय, हे दोन प्रश्न. याचं उत्तर 'लिस्टिंगनंतर देऊ' असं आलं तर समजा की अजून टोकन म्हणून काही अस्तित्वातच नाही, तुमच्या पैशाच्या बदल्यात तुम्हाला एका वेबसाइटवरचा आकडा मिळालाय. असं जगात झालंय आणि किरकोळ नाही झालं, बल्गेरियातून २०१४ मध्ये वनकॉइन नावाचं क्रिप्टो सुरू झालं, त्याच्या मागे खरी ब्लॉकचेनच नव्हती, तरी जगभरातून अंदाजे ४०० कोटी डॉलर गोळा झाले. २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याची मीटिंग चालू असतानाच इथल्या एजंटांना उचललं होतं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वनकॉइन चालवणारी रुजा इग्नातोवा गायब झाली, आजवर सापडलेली नाही, एफबीआयच्या मोस्ट वाँटेड यादीत तिचं नाव आहे.

ॲड्रेस दिला तर चांगलंच. तो बीएससीस्कॅन किंवा इथरस्कॅनवर टाकायचा, सोलाना असेल तर सोलस्कॅनवर, या साइट त्या-त्या चेनवरचे व्यवहार दाखवतात, सगळं फुकट आहे, नातवाला बसवा शेजारी. होल्डर्समध्ये, म्हणजे कोणाकडे किती टोकन त्या यादीत जायचं, पहिल्या पाच-दहा वॉलेटकडे (वॉलेट म्हणजे टोकन ठेवायचं डिजिटल खातं) किती टक्के माल आहे ते बघायचं, एकाच वॉलेटकडे निम्म्याच्या वर असेल तर तो विकेल त्या दिवशी बाकीचे संपले (कधीकधी ते वॉलेट म्हणजे पूलच असतो किंवा लॉकचं काँट्रॅक्ट असतं, तेवढं वाचून घ्या). मग व्यवहारांची यादी बघायची, वेगवेगळे लोक विकतायत का, की घेणारे शंभर आणि विकणारं एकच वॉलेट. कोड व्हेरिफाइड, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर केलेला, आहे का, लिक्विडिटी लॉक आहे का आणि किती दिवस. हनीपॉट तपासणाऱ्या फुकट साइट आहेत, टोकन स्निफर वगैरे, त्यात ॲड्रेस टाकला की लाल-हिरवं दाखवतात. पण त्यावर माझं स्पष्ट मत असं की लाल आलं तर पळा आणि हिरवं आलं तरी खूश होऊ नका, कारण बनवणाऱ्यालाही त्या साइट माहितीयत, तो आपला माल पन्नास वॉलेटमध्ये वाटून ठेवतो म्हणजे यादी छान दिसते, काही काँट्रॅक्ट तर असे असतात की आज साफ आणि उद्या मालकाने आतला कोडच बदलला.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर कंपनी रजिस्टर झाली याचा अर्थ कंपनी रजिस्टर झाली, एवढाच. त्यांना लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी त्यातून मिळत नाही. ऑडिट रिपोर्टमध्ये कोडमधल्या चुका बघतात, माणसं कशी आहेत ते नाही, आणि स्क्रीनवर दाखवलेली पीडीएफ कोणीही बनवतं, रिपोर्ट खरा असेल तर ऑडिट करणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर सापडला पाहिजे. मोठ्या माणसासोबतचा फोटो हा पुरावाच नाही, अहो अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियर मिले यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये लिब्रा नावाच्या टोकनबद्दल पोस्ट टाकली, भाव भडकला, काही तासांत कोसळला, त्यांनी पोस्ट डिलीट केली आणि घेणारे बसले हात चोळत. देशाच्या अध्यक्षाची ही गत, तर मीटिंगमधल्या कोटवाल्याचं काय घेऊन बसलात.

जावयांना एक प्रश्न नक्की विचारा, रागाने नाही, चहा घेता घेता. माझे ६ लाख आले तर तुम्हाला किती टक्के मिळतात? रेफरल, म्हणजे माणूस आणल्याचं कमिशन, असणारच. खऱ्या गुंतवणुकीत माणसं जोडल्याचे पैसे फार कमी ठिकाणी मिळतात, इथे धंदाच तो असतो, नवीन येणाऱ्याच्या पैशातून जुन्याला द्यायचे. गेनबिटकॉइन या आपल्याकडच्या बिटकॉइन स्कीमवाल्यांनी दरमहा १०% असे १८ महिने देऊ सांगितलं, सुरुवातीला दिलेही, आणि मग बिटकॉइन देणं जमेना तेव्हा एमकॅप नावाचा स्वतःचाच टोकन लोकांच्या माथी मारला. ती चालवणाऱ्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ मध्ये तो वारला, केस अजून चालूय. आणि लांब कशाला जायचं, आपल्या नाशकातली केबीसी ही साखळी गुंतवणुकीची कंपनी विसरलो का आपण? २०१४ ला प्रकरण फुटलं तेव्हा क्रिप्टोचं नावही इथे कोणाला माहीत नव्हतं, पण तिथेही भावाने भावाला, मेव्हण्याने मेव्हण्याला आणलं होतं, संचालक सिंगापूरला निघून गेला आणि २०१६ मध्ये मुंबई विमानतळावर सापडला तोवर इकडे नातीगोती तुटलेली. लोक कंपनीला शिव्या घालत नव्हते, ज्याने आणलं त्याच्या दारात जाऊन बसत होते. तुमचे जावई उद्या त्या जागी असतील, हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि मला वाटतं ते तुम्हीच सांगू शकता.

माझा अंदाज असा की ते फसवत नाहीयेत, ते स्वतः फसलेत आणि त्यांचे स्वतःचे पैसे तुमच्यापेक्षा जास्त अडकलेत. म्हणून बोलताना 'तुमची कंपनी फ्रॉड आहे' असं सुरू केलंत तर ते कंपनीची बाजू घेऊन भांडतील, मुलगी रडेल, विषय भलतीकडे जाईल. त्यापेक्षा म्हणा, 'जावईबापू, माझा स्वभाव हा असा, आधीचं पदरात पडल्याशिवाय पुढचं टाकत नाही. माझे काढा आणि तुमचे पण काढून बघा.' हे 'तुमचे पण' महत्त्वाचं. ते काढायला जातील आणि जे कळायचं ते त्यांना आपोआप कळेल, तुम्हाला वाईट व्हायची गरज नाही. १५ तारखेची घाई केली तर म्हणायचं की एफडी हिच्या नावाने जॉइंट आहे, सही हवी. काकू वाईटपणा घ्यायला तयार आहेतच!

पैसे खरंच परत येत असतील तर अजून एक काळजी, आणि ही बऱ्याच जणांना माहीत नसते. कोणाच्या खात्यातून येणार ते आधी विचारा. पाच अनोळखी लोकांच्या यूपीआयवरून तुकड्या-तुकड्याने येणार असतील तर पेन्शनच्या खात्यात घेऊ नका, अशात दुसऱ्या कुठल्यातरी फसलेल्याचे पैसे फिरत असतात, तिकडे तक्रार झाली की साखळीतली सगळी खाती गोठतात आणि मग तुम्ही तुमचीच पेन्शन काढायला दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांना मेल करत बसता. तसंच पासबुक काढून बघा, तुमचे ५० हजार कोणाच्या नावावर गेलेत. कंपनीच्या नावाऐवजी कुठल्यातरी ट्रेडर्स किंवा एका माणसाच्या नावावर गेले असतील तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

नाहीच आले तर वाट बघू नका. १९३० वर फोन करायचा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार टाकायची, आणि शहर सायबर पोलीस ठाण्यात कागद घेऊन जायचं. त्याआधी, म्हणजे ग्रुपमध्ये वाद घालायच्या आधी, चॅट सेव्ह करा, ॲपचे स्क्रीनशॉट काढा, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर) लिहून ठेवा, मीटिंगचं निमंत्रण जपून ठेवा, कारण प्रश्न विचारला की पहिलं काम ते तुम्हाला ग्रुपमधून काढायचं करतात. सहा महिने झालेत म्हणजे ते ५० हजार मिळतील असं मी म्हणत नाही, अवघड आहे. मग थोड्या दिवसांनी एखादा हॅकर किंवा वकील म्हणून फोन करेल की २० हजार द्या, पैसे काढून देतो, तो पण त्यांच्यातलाच, फोन ठेवायचा. आणि वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, कोणालाही सांगायचे नाहीत, जावयांनाही नाही.

एवढं सगळं होऊन क्रिप्टोत थोडं घालायचंच असेल तर निदान एफआययूकडे (केंद्र सरकारची संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा) नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर, स्वतःच्या नावाने, गेले तरी चालतील एवढेच. पण मार्च २०२३ पासूनची ती नोंदणी म्हणजे मनी लाँडरिंगच्या कायद्याचे नियम पाळायचे एवढंच आहे, बँकेतल्या ठेवीसारखा विमा नाही, जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं तेव्हा लोकांचे पैसे कितीतरी महिने अडकून पडले. शिवाय एका टोकनमध्ये नफा, दुसऱ्यात तोटा झाला तर तोटा वजा करता येत नाही, नफ्यावर पूर्ण ३०%. तुमच्या वयाला हे गणित मला काही पटत नाही, माझं मत आहे, तुम्ही ठरवा.

काँट्रॅक्ट ॲड्रेस मिळाला तर मला पाठवा, सोबत चेनचं नाव पण टाका, मी बघून सांगते. आणि जावयांनी अजून किती जणांचे पैसे टाकलेत तेही जमलं तर विचारून ठेवा, त्यांना वेळेत सांगायला लागेल.